पाचाचं वाटोळं

१८ मार्च २०२०, सकाळ
इजिप्तभरच्या शाळा बंद, आमच्या तांतातल्याही. माझी सून नाहिद इस्पितळात नर्स, चार-चार दिवस घरी नाही. जाताना म्हणाली, "आई, सुंदुसचा अभ्यास आता तुमच्यावर." बरोबर माणसाला सांगितलं. दोन हिवाळे अक्षरवर्गाला जाऊन आले ती काय उगीच?

२२ मार्च
रखवालदार खलफची मुलगी शुरूक जिन्यात बसून माझ्या नातीच्या, सुंदुसच्या, पुस्तकात डोकावत होती. दोघी चौथीत, एकाच वर्गात. वर्गाच्या बाई, अब्ला रबाब, धडे फोनवर पाठवतात आणि खलफकडे आहे बटणांचा फोन. त्यात धडा मावणार कुठून? मी म्हटलं, पोरीला वर पाठव. तो मला मानानं हाजा म्हणतो. म्हणाला, "हाजा, वर्ष गेलं तर गावी आत्याकडे पाठवणार तिला. म्हशी आहेत तिथं." मी म्हटलं, म्हशींना सांग, वाट बघू नका.
नियम केला. सुंदुस दाराच्या आत, शुरूक जिन्यात, मध्ये मी. फोन फक्त माझ्या हातात. पोरांना दिला की गेम सुरू.

२९ मार्च
गृहपाठ पाठवला. फोन वहीवर धरला की त्यात मीच दिसते. शहाणा आहे फोन. आधी घरातल्या मोठ्या माणसाची ओळख पटवतो, मगच वही घेतो. मी ओढणी नीट केली, हसले, दाबलं. गेलं!

३० मार्च
पाचपैकी पाच! दोघींना! आकडा चांगला मोठा, वाटोळा. आमचा अरबी पाच असतोच वाटोळा, शून्य म्हणजे नुसतं टिंब. खाली रडका चेहरा काढलाय. अब्ला आनंदानं रडत असेल बिचारी. रव्याचा गोड बसबूसा केला, तूप जरा जास्तच घातलं. सुंदुस म्हणाली, "तेता, मला बघू तरी दे!" आजी आहे मी, दिला नाही. डोळे बिघडतात.

९ एप्रिल
पुन्हा पाच. खालची उम्म वजदी सांगत होती, तिच्या नातवाला दोनच मिळाले, तेही शिकवणी लावून. मी म्हटलं, सगळ्यांनाच बुद्धी मिळते असं नाही हो.
शुरूकला भागाकार कळेना. मलाही आज जरा कणकण होती. सुंदुसनं मसूर मांडून समजावलं. माझ्या देखरेखीखाली.

२ मे
रमजान. उपासात डोकं हलकं होतं, उलट जास्त चालतं. आतापर्यंत अकरा पाच! आता परीक्षेऐवजी 'पाणी' यावर प्रकल्प पाठवायचा, पंधरा तारखेला दुपारी बाराच्या आत. त्यावरच वर्ष. दोघींच्या वह्या कधीच तयार. शुरूकनं नाईल काढलीय, होडीसकट. पण मी शेवटी पाठवणार. घाईनं पाठवलेलं नीट पोचत नाही.

१४ मे, दुपार
अब्लाचा आवाज आला फोनवर. "हाजा, दीड महिना तुमच्या कपाळाचे फोटो येताहेत. एकदा तर नुसते दात. मुलींचं एक अक्षर नाही! दोघींना सगळीकडे शून्य. उद्या प्रकल्प नाही आला तर वर्ष गेलं समजा."
सुंदुसनं फोन ओढला. "तेता! अगं, हा इंग्रजी शून्य आहे! पाच कुठला?"
अब्लानं इंग्रजी आकडे वापरावेत, हे शोभतं का? पण शुरूक चपलेचा पट्टा घट्ट करत बसली, आत्ताच गावच्या गाडीला निघाल्यासारखी. मग मी मागितला नाही फोन परत.

१५ मे
कॅमेरा उलटा करायचं बटण असतं म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळपासून दोघी खटपट करताहेत, मला कुणी विचारत नाही. शेवटी पंख्यानं पानं उडायला लागली तेव्हा सुंदुस म्हणाली, "तेता, इथं दाबून धर. हलू नको." धरलं. बाराला वीस कमी असताना सगळं गेलं.
तासाभरानं अब्लाचा निरोप. दोघी पास. जिन्यात खलफ डोळे पुसत उभा होता, म्हणाला धूळ गेली.
अब्लानं विचारलंय, प्रत्येक पानावर हा अंगठा कुणाचा?
सुंदुसनं उत्तर पाठवलं, "पेपरवेट."
मी विचारलं, म्हणजे काय गं? म्हणाली, "फार महत्त्वाचं पद असतं, तेता."