थोरल्या मोहाची पहिली निवड

मी, दुधराम सेवकराम कापगते, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार चिचगड, तालुका देवरी, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. डोकं ठिकाणावर आहे. छातीचं तसं सांगता येत नाही. येत्या शुक्रवारी नागपूरला ऑपरेशन आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी पत्नी सावित्रीबाई हिचं. तिला कोणी "आई, तू आता बस" असं म्हणू नये. ती बसणारी बाई नाही. तिच्यामागं घर मुलगा उमेंद्र याचं.

२. तळ्याखालच्या धानाच्या चार बांध्या, विहिरीच्या मोटारीसह, उमेंद्रला. शेजारच्या बांधीचा खुणेचा दगड त्यानं गेल्या पावसाळ्यात हातभर सरकवला, ते मी पाहिलं आहे. तो आधी जागेवर ठेवावा, मग सातबारा नावावर करावा.

३. टीव्ही नातू हिमांशूला. तसाही तो त्याच्याच ताब्यात आहे. अमेरिकेतला बास्केटबॉल त्याच्यावर सकाळी सकाळी चालतो, आणि माझ्या भजनाची वेळ जाते.

या टीव्हीमुळंच पुढचं कलम लिहावं लागत आहे, म्हणून खुलासा करतो.

हिमांशूचा आवडता संघ गेल्या हंगामात सपाटून हारला. तिकडची रीत अशी की जो जास्त हारला त्याला नवे खेळाडू निवडताना पहिल्या नंबरांत जागा मिळते, आणि ती जागा दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात तयार खेळाडू घेता येतो. देवघेवीची मुदत याच आठवड्यात संपते. आपला संघ ती पुढची निवड देऊन एक गुडघा दुखावलेला जुना खेळाडू आणणार, अशी अफवा आहे. पंधरा दिवस घरात तेवढंच चाललं आहे. हिमांशू म्हणतो द्यावी. भूमिका फोनवरून भांडते. भूमिका ही माझा दिवंगत भाऊ केवलराम याची नात, पुतण्या इंद्रकुमारची मुलगी, गोंदियात स्वतः हा खेळ खेळते. दोन्ही घरांत बोलणं नाही, या दोघांचं मात्र खेळापुरतं चालतं.

परवा फोन स्पीकरवर होता.

"अबे, यंदा जिंकाचं का पुढं बसून राहाचं?" हिमांशू म्हणाला.

"यंदासाठी पुढचे तीन वर्ष देशील, तर तेव्हाच्या पोरायनं काय खेळाव?" भूमिका म्हणाली. "हारलेल्याले पयली निवड काऊन देतात? तो उठून उभा राहावा म्हणून. अन् तेच त्याच्यापासून घेऊन राहिले तर मंग तो उठन कधी?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कारण असं.

४. आमच्या वडिलांची मोहाची अकरा झाडं आम्हा दोन भावांत सामाईक आहेत. रीत वडिलांनी घातली. महाशिवरात्रीला तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमायचं. गेल्या हंगामात ज्याच्या घरी मोहफूल कमी आलं, त्यानं पहिलं झाड निवडायचं, मग आळीपाळीनं. पहिला निवडणारा पाळीवरचा थोरला मोहाच घेतो. तो एकटा चार झाडांइतका झडतो.

एकोणनव्वद साली पहिली निवड केवलरामची होती. त्याचा पाय मोडला होता. तो म्हणाला, "दादा, यंदा थोरला तू घे, माह्या झाडायखालचं तेवढं वेचून दे." मी म्हणालो, "पुढच्या सालची निवडही दे." वडिलांच्या रीतीत पुढचं साल मागता येत नाही. मला ते माहीत होतं. खाटेवरचा माणूस काय बोलणार, त्यानं मान हलवली. पुढच्या साली थोरला असा झडला की सावित्रीबाईला टोपल्या पुरल्या नाहीत, आणि केवलरामचा इंद्रकुमार, नऊ वर्षांचा, परक्यांच्या झाडाखाली वेचत फिरला. तेव्हापासून केवलराम दर शिवरात्रीला यायचा, काठीनं झाड दाखवायचा आणि न बोलता जायचा. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. इंद्रकुमारही काठीनंच दाखवतो.

यंदा पहिली निवड माझ्या घराकडे आहे. भूमिकाला नागपूरच्या खेळाच्या शिबिरात घेतलं आहे. त्या खर्चासाठी इंद्रकुमारनं या दोन पोरांकरवी निरोप धाडला: यंदाचा थोरला आम्हाला द्या, पुढच्या तीन सालच्या निवडी तुम्ही घ्या. उमेंद्र लगेच म्हणाला, "बाबूजी, हो म्हणा, असा सौदा पुन्हा येणार नाही." दोन दिवस घरातले सगळे माझ्या तोंडाकडे पाहत आहेत, म्हातारा देतो की नाही.

तर देतो. यंदाची आणि पुढच्या सालची, अशा दोन निवडी इंद्रकुमारच्या घराला, बदल्यात काही न घेता. त्या दोन निवडी एकोणनव्वदपासून त्यांच्याच आहेत. यापुढं दोन्ही घरांत कोणी पुढच्या सालाची निवड देऊ नये, मागू नये.

५. एवढं साक्षीदार शालीकराम यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दुधराम, हे कागद मेल्यावर चालते. तू वाचला तर?"

म्हटलं खरं आहे. वाचलो तर पुन्हा उमेंद्र, पुन्हा सौदा, आणि माझंही मन काही लोखंडाचं नाही. म्हणून हिमांशूला पाठवून इंद्रकुमारला बोलावून घेतलं. तो आला, दारातच उभा राहिला. मी कलम चार मोठ्यानं वाचलं, एकोणनव्वदसकट. उमेंद्र उठून अंगणात गेला.

इंद्रकुमारनं चपला दाराबाहेर काढल्या. मग म्हणाला, "काकाजी, बदल्यात काय पायजे?"

"काही नाही."

"मंग शिवरात्रीले तुम्ही येजा. थोरला माह्यासाठी तुम्ही काठीनं नाही, तोंडानं मांगजा, सगळ्यायसमोर."

म्हणालो येईन. शुक्रवार पार पडला तर. तो आत येऊन बसला आहे, सावित्रीबाईनं दिलेला चहा पितो आहे. वरचं सगळं त्याच्यासमोर पुन्हा वाचून, समजून सही करतो. मी नसलो तर कलम चार हिमांशूनं पाळीवर उभं राहून मोठ्यानं वाचावं, काठी कोणी उचलू नये.

सही: दुधराम सेवकराम कापगते

दुधरामनं आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर केली:
१. शालीकराम, शेजारी
२. कैलाश, किराणा दुकानदार

मुक्काम चिचगड, मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६