मेणाचं अस्तर

अप्पा, तुम्ही गेल्यावर मी माझ्या हातानं काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही समोर असतात तर पहिलं तेच विचारलं असतं. ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलींच्या सीटा केल्या. किती, ते मोजलं नाही, पण हुमनाबादच्या चौकात उभं राहिलं की माझी दुहेरी शिलाई लांबून ओळखू येते. लग्नाच्या मांडवातल्या नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या केल्या. तुमच्या नातीच्या सायकलीला गादी केली. कलबुर्गीच्या एका हृदयाच्या दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या टेबलांना गाद्या केल्या, त्यांचा एकही कोपरा अजून उसवलेला नाही. आणि माणसाचे पाय केले. उजवे जास्त, डावे कमी. हसू नका, सांगतो.

सुरुवात तुमच्याच पायापासून करावी लागेल. छातीतल्या तुंबलेल्या वाटेला वळसा द्यायला पायातली नस काढून तिथं जोडतात, म्हणून हैद्राबादेत तुमचा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत उघडला होता. छाती लवकर भरली, पाय काही भरेना. पट्टी मी बदलायचो. "दुखणं छातीत आन शिक्षा पायाला," तुम्ही म्हणायचात, "पोलिसाचं काम हाय हे." एकदा मी टाके निरखून म्हणालो, "अप्पा, ह्याच्यापेक्षा मी सीट बरी शिवतो." तुम्ही उशी छातीला धरून हसलात, मग कळवळलात, मग मला शिवी दिलीत. ती शिवी अजून कानात आहे आणि आठवली की बरं वाटतं. त्या वर्षी पानमळ्यात वेल उतरवायला तुमचे हात नव्हते. बांधावर खाट टाकून, पाय उशीवर ठेवून तुम्ही नुसते ओरडत बसला होतात.

वेल उतरवणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला काय सांगणार. पण आता ते मला वेगळं दिसतं, म्हणून लिहितो. पानवेल शेवरीच्या झाडाला धरून उंच गेलेला. त्याचे बंध सोडायचे, बारीक मुळ्या झाडापासून सुट्या करायच्या, सगळा वेल खाली घेऊन वेटोळं करून मातीत दाबायचा, की पुन्हा नव्यानं चढतो. मी शेवरीपाशी उभा आहे. तरणा आहे, हाताला घाई आहे. वरचा बंध तोडतो आणि वेल ओढतो. सरसर सगळा खाली येतो, एक पान फाटलेलं नाही. मी तुमच्याकडं बघतो, शाबासकीसाठी. "वेल उतरवायलास का बैल ओढायलास?" तुम्ही खाटेवरून म्हणता. "कुठं काय झालंय, अप्पा? बघा की, अख्खा आलाय." "वेल बोलत न्हाई. दुखलं तर आठ दिसानं सांगतोय. आन फाटा कापताना सुरी वेलाला चिकटवू नको, बोटभर लांबनं काप." आठ दिवसांनी मी ओढलेल्या वेलाची पेरी आतून काळी पडली होती. बाहेरून तो तसाच हिरवा होता.

आता त्या जागी ऊस आहे. मी सीटांच्या धंद्यात पडलो, कुणाकडं शिकलो नाही, उसवून बघितलं आणि शिवलं. दवाखान्याच्या गाद्या झाल्यावर तिथली एक पोरगी दुकानात आली. आपल्या हळ्ळीखेडचीच. तिचं काम एकच, बायपासच्या वेळी पायातली नस काढून देणं. तुमच्यासारखा पाय आता सहसा उघडत नाहीत, अप्पा. गुडघ्याजवळ लहानसं भोक पाडतात, त्यातून दुर्बीण घालतात आणि पडद्यावर बघत बघत आतल्या आत नस सोडवतात. रोगी दोन दिवसांत चालतो. ती म्हणाली, "अण्णा, भोक ल्हान झालं, पण घोर नसेचा हाय. आत गॅस भरून जागा करायची, चरबीतनं नस मोकळी करायची, तिचे फाटे विजेच्या चिमट्यानं भाजून तोडायचे. नस ओढली, भाजली, न्हाईतर काढल्यावर पिचकारीनं जोरात फुगवली, की आतला पापुद्रा जातोय. भायेरनं काई दिसत न्हाई. पुढं तितंच रक्त गोठतंय आन नस बंद पडतीय. मला हात बसवायचाय. माणसावर न्हाई, फोमवर." तुम्ही बांधावर बसून बोलताय असं वाटलं.

पहिला पाय मी मोठ्या तोऱ्यात दिला. आत फोम, त्यावर स्पंजाची चरबी, वर रेक्झीनची कातडी, आणि नस म्हणून सलाईनची नळी. दवाखान्यातून बाद झालेली दुर्बीण आणि विजेचा चिमटा आणून तिनं माझ्या काप पाडायच्या टेबलावर तो पाय आडवा केला, नस काढली आणि टेबलावर ठेवली. "अण्णा, पाय झकास झालाय. नस लै सोशिक हाय. ओढली तरी हसायलीय." मला राग आला. पण तिचं बरोबर होतं. जी नस दुखलेलं सांगत नाही, ती शिकवणार काय? मला आठ दिवस थांबून चालणार नव्हतं. दुखलेलं तिथल्या तिथं सांगणारी नस पाहिजे होती.

ती मी केली. मलमलीची बारीक नळी शिवली, तिला दोन-चार फाटे काढले, बाहेरून रबराच्या दुधात बुडवून वाळवली, आणि आतून मेणाचा पातळ थर फिरवला. सीटेला आतून अस्तर असतं तसं. मेण पातळ झालं तर उगीच तडकतं, जाड झालं तर कशानंच तडकत नाही. ते जमेपर्यंत किती नळ्या फेकल्या, विचारू नका. जमल्यावर मात्र असं झालं, की नस ओढली तर मेणाला चिरा पडतात, फाटा जवळून भाजला तर तिथलं वितळतं, जोरात फुगवली तर सगळीकडं तडकतं. मग नळीतून निळी शाई सोडायची, पाण्यानं धुवायची आणि उभी चिरून उघडायची. मेण जिथं गेलं तिथं मलमल निळी होते.

तिनं ती काढली तेव्हा मी शाईची बाटली धरून उभा होतो. अख्खी बाहेर आली. "बगा अण्णा, केसाला धक्का न्हाई." मी शाई सोडली, धुतली, ब्लेडनं चिरली. मधोमध केसासारख्या निळ्या चिरा आणि दोन फाट्यांशी गोल डाग. ती वाकून बघत राहिली. "हितं मी ओढली," ती हळू म्हणाली. "आन हे भाजलं." मग पदर खोचून, "दुसरी हाय का?" मी दुसरी दिली आणि बांधावरून ओरडावं तसं ओरडलो, "फाटा चिकटून तोडू नको, बोटभर लांबनं!" ती हसली. "बोटभर जागा कुठली अण्णा तितं? पण लांबनं, व्हय. आमचे सर बी हेच सांगतेत, तुमच्यासारखं वरडत न्हाईत एवढंच." सहा-सात नसांनंतर एक पांढरी निघाली. त्या दिवशी तिनं सगळ्या दुकानाला चहा पाजला, म्हणजे मला आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला. आता ती नव्या पोरांना माझ्याच पायांवर शिकवते.

तुमची नस ज्यानं काढली त्याचा हात कसा होता, मला माहीत नाही. बरीच वर्षं चाललात, तेव्हा वाईट म्हणायला माझ्याकडं काही नाही. गेलात मात्र छातीनंच. आत कुणी चिरून बघितलं नाही. हे मनात येतं, आणि मग मी मेण तापवायला घेतो.

गेल्या महिन्यात बेंगळूरहून एका कंपनीचा माणूस आला. पाय त्याला फार आवडला. हजारांनी करणार होते. फक्त नस बदलायची, कडक रबराची, शंभर वेळा वापरता येईल अशी. मेण नको. "शिकणारे निराश होतात हो, प्रत्येक वेळी निळं बघून." मी विचारलं, "मग दुखलेलं कळणार कसं?" तो म्हणाला, त्याचा नंतर विचार करू. मी नाही म्हणालो, त्याचा चहा संपायच्या आत. तो गेल्यावर त्याला हवी होती तशी, मलमल नाही, मेण नाही, नुसत्या रबराची एक नस केली, पायात घातली आणि तो वेल ओढला होता तशी ओढून काढली. शाई सोडली, धुतली. रबर कुठंच निळं झालं नाही. स्वच्छ, पांढरी, छान दिसत होती. मी ती कापून टाकली.

हे पत्र काप पाडायच्या टेबलाच्या खणात राहील, कात्र्यांखाली. कुठं पाठवणार? एक गोष्ट तेवढी तुम्हालाच सांगतो. बावीस लाख देत होते, अप्पा. तुमच्या सुनेला मी दोनच सांगितलेत.