दोराचं खालचं टोक

१४ नोव्हेंबर

भाऊजी, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच बाजूला ठेवाल अशी भीती होती, म्हणून पत्ता लॅबमधल्या मुलीकडून लिहून घेतला. रागावू नका. फोन तुम्ही उचलत नाही. आणि परवा बाजारात मला बघून घाईघाईने चपलांच्या दुकानात शिरलात. बायकांच्या चपलांच्या! हाक मारणार होते, पण तुम्ही इतकं मन लावून सँडल बघत होतात की मलाच हसू आलं.

इकडे सगळं ठीक. कामाला तोटा नाही. दिवसभर मेणात दात बसवायचे, कवळ्या घासायच्या, संध्याकाळी मान आखडलेली. तुम्ही शिवून दिलेला सोफा अजून दणकट आहे, फक्त एका हाताचं कापड विटलंय. तुमचा मित्र तिथेच डोकं टेकून पडायचा. बदलून घ्यावं असं दरवर्षी म्हणते आणि राहून जातं.

तुमचं दुकान कसं चाललंय? उसण भरलेली पाठ जरा बरी आहे का? घरी सगळ्यांना विचारलं म्हणून सांगा.

खारू आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्हीच ठेवलेलं नाव, दाराच्या चौकटीवर चढून बसायची म्हणून. आता तिला त्या नावाने हाक मारली की मैत्रिणींसमोर डोळे वटारते. उंच झालीय. हनुवटी त्याचीच.

तिच्याबद्दलच लिहायचंय. कुठून सुरुवात करू कळत नाही.

गेले काही महिने तिच्या बॅगेला, पँटच्या खिशांना पांढरी भुकटी लागलेली असायची. मी झटकून टाकायचे. वाटायचं, माझ्याच लॅबमधलं प्लॅस्टर, माझ्या अंगावरून घरभर होतं ते. मग एकदा ती जेवताना तिच्या बोटांकडे लक्ष गेलं. शेंड्यांची सालपटं निघालेली. भाऊजी, मी बारा-पंधरा वर्षं तशी बोटं समोरच्या ताटात बघितलीत. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"कुठे जातेस?" म्हटलं.

तिने लपवलं नाही. कॉलेजातली चार-पाच पोरं आहेत, सुट्टीच्या दिवशी कड्यावर चढायला जातात; ती भुकटी हात घसरू नयेत म्हणून. दोर कुणाकडून तरी जुना घेतलाय. शिकवणारा कोणी नाही, मोबाइलवर बघून गाठी मारतात.

मी ताट सरकवलं. नको ते सगळं बोलले. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "आई, माणसं बाथरूममध्ये घसरून पण मरतात."

"बाथरूममध्ये मजा म्हणून कुणी घसरत नाही," मी म्हटलं.

तेव्हा तिने ते वाक्य काढलं. "बाबा निदान आवडतं ते करताना गेले. किती जणांच्या नशिबात असतं?"

हे वाक्य तिचं नाही. शोकसभेत कुणीतरी म्हटलं आणि मग सगळ्यांनीच उचललं. त्याच्या औषधाच्या दुकानाचे मालक म्हणाले, शेजारी म्हणाले, माझा सख्खा भाऊ म्हणाला. दरवेळी मी मान हलवली. पोरगी तिथेच बसलेली असायची, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. तिने त्यावरच दिवस काढले. मी ते तिच्या हातातून कसं काढून घेणार होते?

खोटं कशाला बोलू, कड्यावरून आला की तो वेगळाच माणूस असायचा. घरभर गुणगुणत हिंडायचा, न सांगता भांडी घासायचा, मला कमरेला धरून उचलायचा. पावसाळ्यात जाणं बंद झालं की चेहऱ्यावरचं पाणी उतरायचं. दुकानात उभं राहून दुसऱ्यांच्या गोळ्यांच्या तारखा बघायच्या, आणि घरी येऊन मुकाट्याने पडून राहायचं. त्याचा तो आनंद खरा होता, आणि तो आमच्याही वाट्याला यायचा. म्हणून मी कधी आडवी आले नाही. लोक मला विचारतात, तू अडवलं का नाहीस? अडवला असता तर घरात कोण उरलं असतं, हे त्यांना ठाऊक नाही.

पण राग येतो. तुमचा नाही. हे आधीच सांगायला हवं होतं, पत्राच्या पहिल्या ओळीत. तुमच्यावर माझा कधीच राग नव्हता. दोर तुम्ही सोडला नाहीत. वर पोचल्यावर त्यानेच स्वतःहून सोडवला, पलीकडून जरा खाली वाकून बघायला, आणि पायाखालचा दगड निसटला. हे तुम्ही मला दवाखान्याच्या बाकावर सांगितलंत आणि मी तेव्हाच मानलं. राग येतो तो त्याचा. पोर घरी होती, आणि याला वाकून बघायचं होतं.

आता विनंती.

त्या बाकावरच आपण ठरवलं होतं की पोरीला सांगायचं, बाबा जागच्या जागी गेले, काही कळलंसुद्धा नाही. तेव्हा तेच बरोबर होतं. आता ते खोटं तिला कड्यावर घेऊन चाललंय. भाऊजी, तुम्ही या आणि तिला खरं सांगा. खालच्या कपारीत तो दुपारपासून अंधार पडेपर्यंत जिवंत होता, तुम्ही त्याला धरून बसला होतात, तो काय म्हणत होता, ते सगळं. मी सांगितलं तर तिला वाटेल आई घाबरवतेय. तुम्ही तिथे होतात.

ऐकून तिने सोडलं तर सुटले. नाही सोडलं, तर त्या मोबाइलवाल्या पोरांच्या हाती तिला देऊ नका. तुम्ही शिकवा.

मी काय मागतेय याची मला कल्पना आहे. तरीही मागतेय.

वाट बघणारी,
वहिनी

---

९ जानेवारी

भाऊजी,

आज समोरासमोर बोलता आलं नाही. चढाई शिकवतात त्या भिंतीपाशी गर्दी होती, आणि खारू आपल्या दोघांच्या मधेच उभी. म्हणून पुन्हा कागद घेतला.

तुम्ही घरी येऊन गेलात, त्यानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही बोलत होतात तेव्हा मी ओट्यापाशी पाठ करून उभी होते. तुमचा आवाज इतका खाली होता की नळ बंद करावा लागला. थंडी वाजतेय म्हणाला, मला घरी ने म्हणाला, भीती वाटतेय म्हणाला. हे मी एकदा ऐकलेलं होतं. तरी ओट्याची कड धरून राहिले.

"म्हणजे तुम्ही दोघं इतकी वर्षं खोटं बोललात," एवढंच म्हणून ती उठली. तुम्ही चहा तसाच टाकून गेलात.

नंतर ती माझ्याजवळ आली. "बाबा घाबरट होते का गं?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही. शेवटी घाबरले." ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, लहानपणीसारखी. रडली नाही. मीच रडले.

मग तिने खरंच सोडलं. त्या पोरांचे फोन घेईना. सुट्टीच्या दिवशी घरी. बोटांना नवी कातडी आली, नखं वाढली, त्यांना रंगही लावला. सोफ्यावर पडून टीव्ही बघायची. काय बघतेयस विचारलं तर सांगता यायचं नाही. मला हवं होतं तेच सगळं झालं होतं, भाऊजी. माझी पोर माझ्या डोळ्यांसमोर, जमिनीवर. आणि मला ते बघवत नव्हतं. विटलेल्या कापडावर डोकं टेकून ती पडायची, आणि पावसाळ्यातला तो आठवायचा.

एके दिवशी मी कवळीला लावायचं मेण तापवत होते, तर ती लॅबमध्येच आली. म्हणाली, "आई, मला जायचंय. आता भीती वाटते, तरी जायचंय."

मेण जळून गेलं.

तिथून ती सरळ तुमच्या दुकानात आली, हे नंतर कळलं. तिचा जुना दोर तुम्ही सोफ्याच्या कापडाच्या कात्रीने तिच्यासमोर तुकडे तुकडे केलात म्हणे. जायचंच असेल तर आधी माझ्यासमोर, नव्या दोराने शिकायचं, असंही बजावलंत. रडत घरी आली, "काका वेडे आहेत," म्हणत. त्या दिवशी मला खूप दिवसांनी झोप लागली.

आज तुम्ही दोघांनी मला बाकावर बसवलंत. लहान मुलं त्या भिंतीवर माकडांसारखी चढत होती, त्यांच्या आया मोबाइल बघत होत्या. खारूने पट्टा बांधला, तुम्ही गाठ तपासलीत, पुन्हा तपासलीत. ती वैतागली तरी तिसऱ्यांदा तपासलीत. मला वाटलं, आता हा माणूस निघून जाईल. पण तुम्ही दोराचं खालचं टोक धरून उभे राहिलात.

ती चढायला लागली आणि मी खाली बघायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. काय सांगू, तिचा चेहरा. ती वर हात टाकते तेव्हा ओठ मिटून घेते, अगदी तशीच. घरात इतके दिवस सोफ्यावर जी पडली होती ती कोण होती कुणास ठाऊक. ही माझी पोर होती. आणि हिलाच मी कधीतरी गमावेन, हे मला त्याच क्षणी कळत होतं. एकाशिवाय दुसरं मिळत नाही. मला ते पटलेलं नाही, पुढेही पटणार नाही. फक्त आता त्यावर भांडायला घरात कोणी उरलं नाही.

तिचा पाय निसटला तेव्हा तुम्ही दोर धरलात, पण जरा उशिरा. ती हवी त्यापेक्षा खाली आली, भिंतीला खांदा घासला. ती हसली, खालची पोरंही हसली. तुम्ही हसला नाहीत, मीही नाही. उशीर का झाला ते मी बघितलंय. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. पहिल्यापासून, दर थोड्या वेळाने, माफी मागितल्यासारखं.

मला तुमच्याकडून माफीबिफी काही नको, भाऊजी. त्या बाकावर मी बसलेय की नाही, रडतेय की काय करतेय, याच्याशी तुमचा काही संबंध नाही. ती वर असेल तेवढा वेळ माझ्याकडे बघायचं नाही.

वर बघा.

तुमची
वहिनी