माझ्या पाठीला मिळालेले दोन आकडे

आदरणीय भाऊसाहेब यांस,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे लिहिण्यापुरता; सध्या उभ्यानेच समजून घ्यावा.) आपला खोकला, वहिनींचे गुडघे आणि गच्चीवरच्या टाकीची गळती, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. आपल्या बहिणीच्या प्रकृतीची चौकशी मी करत नाही, कारण तीन महिने ती माझी करत नाही.

इकडे एक भानगड झाली. साबणाच्या कारखान्यात मी खालच्या गाड्यावरून वड्या उचलून खोक्यांत भरतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. तर कोणाच्या पाठीला किती धोका, हे नुसतं बघून ठरवायला दोन माणसं आली. हातात एक छापील तक्ता. पाठ किती वाकली, मान किती, मनगट कसं, हे बघायचं आणि एक ते पंधरामधला आकडा द्यायचा. पहिल्या दिवशी बाई आल्या. आता परकी बाई समोर उभी राहून टक लावून बघते म्हटल्यावर माणूस कसा वागेल? मी फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ. प्रत्येक वडी गुडघे मोडून, राजेशाही थाटात उचलली. (खोकी नेहमीच्या निम्मीच झाली, मुकादम काय बोलला ते लिहीत नाही, वहिनी वाचतील.) बाईंनी तीन दिले. दुसऱ्या दिवशी एक उंच साहेब आले, तेव्हा नेमकी एक वडी हातातून निसटून टेबलाखाली गेली होती आणि तिच्यामागे मी. मी बाहेर येईपर्यंत साहेब बारा लिहून पसार. माणूस तोच, पाठ तीच, तक्ता तोच. तीन म्हणजे खुशाल चालू द्या, बारा म्हणजे आजच काम बदला. मॅनेजरने सरासरी काढली, साडेसात. आकडा ऐकूनच मी गार पडलो. साडेसातला करायचं काय विचारलं, तर म्हणाले, "काळजी घ्या." ती घेणारी आपल्या घरी आहे, हे त्यांना कुठे माहीत.

तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. बसलो की वाटतं तीन, उठलो की वाटतं बारा.

आपली बहीण माझ्या पाठीचं तक्त्याशिवाय सांगायची. स्वयंपाकघरात पाठमोरी असायची. मी दारात बूट काढले की एक पडल्यापासून दुसरा पडेपर्यंत किती वेळ जातो, एवढ्यावरून. लगेच पडला तर चहा. उशीर झाला तर आधी गरम पाण्याची पिशवी, मग चहा. एकोणतीस वर्षांत अंदाज चुकला नाही. आणि तीन महिन्यांपूर्वी तिने हे काम बदला म्हटलं, तर मी, सातवी नापास, तिला म्हणालो, "तुला काय कळतं, तू काय डॉक्टर आहेस?" ती एवढंच म्हणाली, "वाकायचं काम सोडाल त्या दिवशी कळवा," आणि आपल्याकडे आली. कारखान्याच्या फाटकावरची राखणदाराची खुर्ची मॅनेजरने मला केव्हाच देऊ केली होती. पण खुर्चीत बसलेला माणूस म्हातारा दिसतो, असा माझा समज. हल्ली मी दोन्ही बूट एकदम टाकतो. मधली शांतता ऐकवत नाही.

बाकी क्षेम. लोभ आहे तेवढा तरी राहू द्यावा.

आपला मेहुणा
(साडेसात)

ता. क. : दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्या जाणकाराने बघावं, असं तक्त्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलं आहे. जाणकार आपल्याकडे आहे. एका दिवसापुरतं पाठवता आलं तर बघा. तपासणी झाली की मी स्वतः गाडीत बसवून देईन.

ता. क. : वरचं खोटं आहे. तसं काही छापलेलं नाही. गेल्या सोमवारपासून मी फाटकावर खुर्चीत बसतो आहे. मोजायला आता काही उरलेलं नाही. तरी तिला येऊ द्या.

ता. क. : दुसरा ता. क. तिला वाचून दाखवू नका. मात्र चष्मा सापडत नाही असं म्हणून कागद तिच्याच हाती दिलात, तर माझी ना नाही.