बारीक होत गेलेली पाटी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, खरा घातला तर उठवायला दोन माणसं लागतात). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आणि माझ्यावरचा राग? सात महिन्यांपूर्वी तू आलीस, मी दारात ठोंब्यासारखा उभा राहिलो, हसलो नाही, 'ये'सुद्धा म्हणालो नाही, आणि तू दुसऱ्याच दिवशी रुसून निघून गेलीस. त्या चेहऱ्याचा आता छडा लागलाय. तो लागला एका पाटीमुळे.

झालं असं, की लेकीने चष्म्यांचं दुकान थाटलं. पाटी छापून घेते म्हणाली. पेंटरच्या पोरीची पाटी छापील? मी हटूनच बसलो. बायकोने शिडी लपवली, म्हणून फळा टेबलावर आडवा घातला. आमच्या धंद्यात आधी खडूने वर-खाली रेघा आखतात, मगच ब्रश लावतात. पण मी पडलो चाळीस वर्षांचा मुरलेला. रेघा आखाव्यात नवशिक्यांनी! 'चष्मे, नजर तपासणी व दुरुस्ती' एका दमात रंगवलं, मागे सरून पाहिलं, फक्कड! लेक मात्र बघतच राहिली. ताई, 'च' ताटाएवढा होता आणि शेवटची 'स्ती' मुंगीएवढी. तिने मला तडक दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी मला (भल्याभल्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला!) गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला लावली, बोटं आपटायला लावली, चालायला लावलं आणि सांगितलं, हा पार्किन्सन.

म्हणजे काय, तर मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, त्याच्या जोरावर हातपाय सुरळीत हलतात. माझ्याकडचं ते आटत चाललंय. त्यामुळे मेंदूचा हुकूम सुटतो, पण कचेरीतल्या अर्जासारखा वाटेतच रेंगाळतो. अक्षर आपोआप बारीक होतं आणि लिहिणाऱ्याला पत्ताच नसतो. हात कामात असला की बरा, रिकामा ठेवला की थरथरतो (बाबा जन्मभर सांगत होते, रिकामा बसू नकोस). दारातून जाताना पाय जमिनीला चिकटतात. चेहऱ्याचे स्नायू तर संपावरच गेलेत. शेजारच्या शिंप्याने परवा विनोद सांगितला, मी आतल्या आत लोटपोट झालो, आणि तो बिचारा माफी मागून गेला. दुखणं समूळ जात नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या की गाडा बरा चालतो.

खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. हातची विद्याच गेली, आता उरलं काय, म्हणून ब्रश धुऊन कपाटात टाकले. पाटी लेक मोडीत काढणार हे धरूनच चाललो होतो. तिने तीच दुकानावर टांगली! दुसऱ्या दिवशी खाली ही गर्दी. समोरचा न्हावी म्हणतो, मला 'तपासणी'पर्यंत दिसतं. शिंपी म्हणतो, मी 'दु' गाठला. ज्याची गाडी 'नजर'वर अडते, तो निमूट आत जाऊन खुर्चीत बसतो. एका आजोबांना तर 'च'सुद्धा दिसला नाही. ते न्हाव्याच्या खुर्चीत बसून चष्मा मागत होते. आता न्हाव्यालाही माझ्याच हातची पाटी हवी आहे, फक्त सगळी अक्षरं सारखी हवीत म्हणतो.

बाकी सर्व क्षेम. तुझी काही गरज नाही, उगाच दगदग करू नकोस.

तुझा,
थरथरता पण ठणठणीत धाकटा

ता. क. पत्रही खाली खाली मुंग्यांची रांग झालं असेल. भिंग घे.

ता. क. २ रेघा आखल्या आणि बाजूला कोणी 'मोठं काढ, मोठं!' असं ओरडत राहिलं, तर माझं अक्षर मोठं राहतं. बायकोचा आवाज मवाळ, मी तिला भीक घालत नाही. लहानपणी मी अक्षरं गिरवताना तू डोक्यावर उभी राहून असंच ओरडायचीस. तेव्हा महिनाभर ये. (फूटपट्टी घरी ठेव.)

ता. क. ३ तू आलीस की माझा चेहरा पुन्हा तसाच दगडी असेल आणि पाय उंबऱ्यापाशी चिकटलेले. या वेळी रुसू नकोस. मला जरा बाजूला सार आणि आत ये. ताई, त्या दिवशीही मी हसतच होतो.