चार नंबरचा चिमटा

७ मार्च १९९६, गुरुवार
कालच्या नोंदीत दुरुस्ती. शिर्के साहेब म्हणाले की ऑफिसातल्या तिघांपैकी एक जाणार, असं मी लिहिलंय. ते तसं म्हणाले नव्हते. तिघांपैकी एक राहणार, असं म्हणाले. घाबरून हात उलटा चालला. आप्पांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. चुकीचं लिहिलेलं तसंच ठेवून झोपायचं नाही, हा त्यांचा नियम. खोडलं. आता झोप येत नाही.

८ मार्च, शुक्रवार
शांतपणे विचार केला. आमचा संघ रिमोटवर छोटी विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांचा. त्यांना मासिक लागणारच. अरुणाताई टायपिंग करतात, दिनानाथकाका पोस्टाचं बघतात, पण मासिक काढते मी. म्हणजे राहणारी मीच. दोघांसाठी फार वाईट वाटलं. अरुणाताईंना डब्यातले दोन्ही लाडू दिले. म्हणाल्या, का गं, माझं तेरावं घातलंस का?

१२ मार्च, मंगळवार
मासिक बंद. आता तीन महिन्यांतून एकदा चार पानी पत्रक. ते आमचे एक सभासद, रूपेश, घरच्या कॉम्प्युटरवर फुकट काढणार. मी त्यांना काम शिकवायचं.
पण साहेबांनी माझ्या हाताखाली माणूस दिला, हेही खरंच. घरी तेवढंच सांगितलं. आप्पांनी विचारलं, मग पगार वाढला का? मी म्हटलं, आधी जबाबदारी वाढते.

१५ मार्च, शुक्रवार
रूपेश सगळं शिकले. मी मुद्दाम हळू शिकवत होते, तरी.
रविवारी मैदानावर जायचं. दोन वर्षांत कधी गेले नाही. साहेबांच्या डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे.

१७ मार्च, रविवार
उलव्याच्या पुढे खाडीला लागून मैदान. साहेब म्हणाले, आलीच आहेस तर चिमटे सांभाळ. एका फळीवर कपड्यांचे चिमटे लावलेले, प्रत्येकावर नंबर. ज्याच्याकडे आपल्या नंबरचा चिमटा, त्यानंच रिमोट चालू करायचा.
साहेबांच्या रिमोटचा नंबर चार. रूपेशच्याही चारच. चिमटा एक. एकाच्या हातात माझी नोकरी, दुसऱ्याच्या हातात पत्रक. नाही कुणाला म्हणायचं? फळीच्या टोकाला एक कोरा चिमटा होता. त्यावर सुबक चार काढला. दोघंही खूश.
एका नंबरला एकच चिमटा, हे मी दर महिन्याला छापत आलेय. का, ते कधी छापलं नव्हतं.
रूपेशनी रिमोट चालू केला तेव्हा साहेबांचं विमान वर होतं. एकदम वेडंवाकडं फिरलं आणि नाक खाली करून चिखलात गेलं. दोन रिमोट एकाच नंबरवर, विमान कुणाचं ऐकणार? साहेब गुडघाभर चिखलात उतरले. एक पंख सापडला. रूपेश म्हणाले, सर, चारचे चिमटे दोन आहेत. साहेबांनी नवा चिमटा उलटसुलट करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, अक्षर छान आहे.
विमान गेलं ते गेलं. पण अक्षर त्यांना आवडलं.

२१ मार्च, गुरुवार
दिनानाथकाका राहणार. पत्रकाच्या घड्या घालायला, तिकिटं चिकटवायला माणूस लागतोच.
अरुणाताईंनी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टायपिंगचं काम मिळवलंसुद्धा. म्हणाल्या, चल, तुझंही विचारते. मी म्हटलं, साहेबांनी मला अजून तोंडानं काही सांगितलेलं नाही. त्या म्हणाल्या, अगं, तुझी खुर्ची टेम्पोत चढवली त्यांनी, अजून कुठल्या तोंडानं सांगायचं?
दुरुस्तीला नेली असेल. दिवसभर उभ्यानं शेवटच्या अंकाची प्रूफं तपासली. पाठीला बरं असतं म्हणे.

२९ मार्च, शुक्रवार
उद्या ऑफिसची खोली रिकामी करून किल्ली मालकाला द्यायची आहे. दिनानाथकाका पुढे साहेबांच्या घरून काम करणार. आप्पा मार्केटमध्ये सगळ्यांना सांगत फिरतायत, मुलीच्या हाताखाली माणूस आहे म्हणून. आज जेवताना अर्धी पोळी टाकून उठले. आई म्हणाली, कामाचं एवढं टेन्शन घेऊ नकोस.
आता भीड सोडून साहेबांना विचारायचं, माझं काय? उद्या सामानाची गडबड, उद्या नको. रविवारी सुट्टी. सोमवारी एक एप्रिल, त्यांना चेष्टा वाटेल. म्हणून मंगळवार, दोन एप्रिल. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या.