धोक्यांच्या तक्त्यात मिसबाह

जळगाव, ६ जानेवारी

ती. आबांस, नूतनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही 'जेवलीस का' एवढं विचारून ठेवून देता, म्हणून कागद घेतला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चाललाय. रावेरच्या केळीवाल्यांसाठी ॲप: माल कुठे तयार आहे, ट्रक कुठे पोचला, ते मोबाइलवर दिसेल. गटात मी, समाधान आणि होस्टेलात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी भुसावळची मिसबाह. प्रोजेक्ट बुडाला तर तिघांचंही वर्ष गेलं.

आता सरांनी धोक्यांचा तक्ता मागितलाय. काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करणार. समाधानने 'वीज जाणे' लिहिलं आणि निवांत चहाला गेला. पण आबा, खरा धोका वेगळाच आहे. बराचसा कोड मिसबाहने लिहिलाय, तो तिच्याशिवाय कुणालाच कळत नाही, आणि तिचं लग्न ठरलंय! मध्येच गेली तर? मैत्रिणीचं नाव धोका म्हणून कसं लिहू? विचारावं तर वाटतं, तिला राग येईल. माझं डोकंच चालेनासं झालंय.

काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची नूतन

धुळे, ११ जानेवारी

चि. नूतन, अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, शेजारच्या निंबाभाऊंकडून एकदा वाचून घेतलं, तरी डोक्यात शिरेना. काम पुरं व्हायच्या आधीच काय बिघडेल ते लिहून काढायचं? हे कसलं गं कॉलेज? तुमचा बठ्ठा कारभारच उलटा शे.

पण एवढं मला कळतं. लग्न आनंदाची गोष्ट, ती धोक्यात लिहू नकोस. लग्न ठरलेल्या पोरीला आपण कामाला जुंपत नाही. तिला तसं सांगायचंही नसतं, नाहीतर 'असू द्या, मी करते' म्हणत उठते. गुपचूप हातातलं काढून घ्यायचं. तुझ्या दिपमाला आत्याच्या वेळी बठ्ठ्या घराने हेच केलं. तुम्हीही तसंच करा आणि निवांत झोपा.

अभ्यास कर, खात जा, म्हाताऱ्या आजोबाला विसरू नकोस.

आबा

जळगाव, २ फेब्रुवारी

ती. आबांस, शि. सा. न.

तुमचं ऐकलं आणि सगळा विचका झाला. मिसबाहचा भाग मी आणि समाधानने तिच्या नकळत वाटून घेतला, तिच्या कोडच्या जागी आमचा बसवला. आता ट्रक रावेरहून निघतो आणि ॲपमध्ये जामनेरला उभा दिसतो. मिसबाहने उघडून पाहिलं तर तिचं काम गायब. बॅग भरली आणि भुसावळला घरी निघून गेली.

आम्ही तिला जपत होतो हो, आबा! समाधान म्हणतो, तूच ठरवलंस, आता तूच निस्तर. उद्या तिच्या घरी जातेय. काय बोलू, काही सुचत नाही. तुमचा राग येतोय, तिचा येतोय, आणि सगळ्यांत जास्त माझाच.

तरीही लोभ असू द्या, सध्या दुसरा आधार नाही.

नूतन

जळगाव, १० फेब्रुवारी

आदरणीय आबांना मिसबाहचा सलाम.

पत्ता नूतनकडून घेतला. ती आमच्या घरी येऊन आधी रडली, मग अम्मीने तिला जेवू घातलं, मग बोलली. मला वाटलं होतं, लग्न ठरलं म्हणून यांनी मला काढूनच टाकलं. आबा, लग्न परीक्षेनंतर आहे. ही अट मीच अब्बांना घातली होती आणि मुलाकडच्यांनी ती पहिल्याच बैठकीत मान्य केली. कुणी एकदा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

पण घरी बसल्यावर एक गोष्ट मलाही टोचली. लग्नाचं सोडा, मी तापाने पडले असते तर? मी कुणाला काही समजावलंच नव्हतं. माझ्यावाचून यांचं अडतं, हे मला आवडत होतं. म्हणून तक्त्यात पहिलं नाव मीच माझं लिहिलं. आता रोज दोघांना शिकवते. समाधान जांभया देतो, पण ट्रक परत रस्त्याला लागलाय.

दुसरं नाव नूतनने स्वतःचं लिहिलं: 'न विचारता ठरवते.' त्यापुढचा उपायाचा रकाना मात्र कोराच आहे. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलत नाही. रागावली आहे की शरमली, मला समजेना. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. तिच्या मनात काय आहे, सांगाल का?

ओळख नसताना लिहिलं, आपलं समजून घ्या.

मिसबाह

धुळे, १३ फेब्रुवारी

चि. मिसबाह, अनेक आशीर्वाद.

चुकलो, बेटा. आमच्या घरची रीत मी तुझ्या माथी मारली, आणि तुला त्यात काय वाटेल हे माझ्या मनातही आलं नाही. माफ कर.

नूतनच्या मनात काय शे, ते मला ठाऊक आहे असं वाटलं. चार ओळी लिहूनही झाल्या होत्या. त्या खोडल्या. ती तुझ्या शेजारच्याच खोलीत राहते ना? मग ऊठ, दार वाजव आणि तिलाच विचार.

आता नूतनइतकीच तूही माझी.

आबा